कागद एक, अंगे अनेक

चेन्नईच्या टी. नगरातील दुकानात एक साडी एकाच फळीवर राहते. ती रंगाप्रमाणे लावावी की काठाप्रमाणे, हे आधी ठरवावे लागते. ग्रंथांचा पेचही हाच. याच शहरात विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली विषयाची निरनिराळी अंगे मांडणारे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले.

महाजालावरील दस्तऐवजांनाही हीच दृष्टी हवी. फोल्डर कामावरून करावा: घर, निवृत्तिवेतन, औषधोपचार. उरलेली अंगे फाइलच्या नावात लिहावीत. वर्ष आधी घातले की क्रम आपोआप लागतो. 'इतर' नावाचा फोल्डर म्हणजे अडगळीचा माळाच होय. ही मांडणी घरात आणखी एकास ठाऊक असावी. वारसाला कागद हवा असतो, तेव्हा ठेवणारा सांगावयास नसतो.