चित्रपुस्तकाचा खरा ग्राहक कोण?

लहान मुलांसाठी पुस्तक विकत घेण्याचा व्यवहार बाजारातील बहुतेक व्यवहारांहून वेगळा आहे. येथे पैसे देणारा एक असतो आणि उपभोग घेणारा दुसरा. साहजिकच मुलाच्या आनंदापेक्षा मोठ्यांची काळजी निवड ठरविते. अंकलिपी, फळाफुलांची चित्रावली आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेल्या बोधकथा यांना मागणी राहते ती यामुळेच. ‘मुलाला काही तरी आले पाहिजे’ ही आईवडिलांची भावना समजण्यासारखी आहे. परंतु अक्षरे शिकविणे निराळे आणि वाचनाची गोडी लावणे निराळे.

मग चांगले चित्रपुस्तक ओळखावे कसे? पहिली कसोटी चित्राची. जे शब्दांनी सांगितले तेच चित्राने पुन्हा सांगितले, तर चित्र केवळ सजावट ठरते. मजकूर ‘मनी कुठे गेली?’ एवढेच विचारतो आणि चित्रात कपाटामागून शेपूट डोकावते, तेव्हा अक्षरओळख नसलेले मूल वाचून दाखविणाऱ्याच्याही पुढे जाते. दुसरी कसोटी भाषेची. पुस्तक घेण्यापूर्वी दोन पाने मोठ्याने वाचावीत. जीभ अडखळली, तर भाषांतर कच्चे आहे असे समजावे. तिसरी कसोटी आशयाची. आशय म्हणजे उपदेश नव्हे. अंधाराची भीती, धाकट्या भावंडाचा हेवा, आजीची सोबत हे मुलाच्या जगातील गंभीर विषय आहेत. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहिलेली आणि चितारलेली ‘राधाचं घर’सारखी पुस्तके घरातल्या साध्या माणसांवरच उभी आहेत. त्यांना तात्पर्याची गरज भासत नाही.

यावर किमतीचा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. रंगीत छपाईत चित्रांचा व मुद्रणपूर्व तयारीचा खर्च आधीच करावा लागतो. आवृत्ती लहान असली की तो थोड्या प्रतींवर पडतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा छापील पुस्तके करमुक्त ठेवली गेली, तरी कागद व छपाईवरील कराचा भार उरतोच. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने आणि २००४ साली सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने यावर एक मार्ग दाखविला : चित्रे तीच ठेवून मजकूर अनेक भारतीय भाषांत छापायचा. चित्रांचा खर्च विभागला जातो आणि पुस्तक सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येते.

दुसरा मार्ग सामायिक वापराचा. एका मुलाला पुस्तक दोन-तीन वर्षे पुरते. त्यानंतर ते माळ्यावर जाते. तेच बालवाडीत किंवा गावच्या ग्रंथालयात असेल, तर कित्येक मुलांच्या हाती पडेल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. मात्र ग्रंथालय असणे पुरेसे नाही. पुस्तके फाटतील या भीतीने ती कुलूपबंद कपाटात राहिली, तर खरेदी व्यर्थच.

यंत्राचा घसारा हा तोटा मानतात. चित्रपुस्तकाच्या बाबतीत हिशेब उलटा मांडावा लागेल. दुमडलेले कोपरे आणि चिकटपट्टीने जोडलेली पाने ही मूल ‘पुन्हा वाच’ म्हणाल्याची साक्ष असते. खऱ्या ग्राहकाची पसंती कळण्याचे याहून विश्वसनीय साधन नाही.