अब्बांचा समुद्र आणि माझे ३१ स्टेटस

आमच्या अब्बांनी वयाच्या ६८व्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. ही बातमी खरे तर त्यांनी स्वतः गावात सांगायची होती. ती मीच सांगून टाकली, तेही ते अजून होडीत बसलेले असताना. मी काय केले हे मला तेव्हा कळले नाही. कळले तेव्हा आम्ही पुलगावला परत आलो होतो.

पुलगावच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध तो काय? आमच्याकडे वर्धा नदी आहे आणि तिच्यावरचा रेल्वेचा पूल. त्या पुलावरूनच गावाला नाव पडले असे सांगतात. अब्बांनी उमेदीची वर्षे कॉटन मिलमध्ये काढली. मिल बंद पडल्यावर बाजारात कापडाचे तुकडे विकले, आम्हा तिघा भावंडांची लग्ने केली. फिरायला जाणे ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी बसलीच नाही.

पण समुद्र त्यांच्या मनात लहानपणापासून होता. ते दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांचे थोरले चुलते, आमच्या घरचे ‘बडे अब्बा’, हजला गेले. तेव्हा मुंबईहून जहाजाने जावे लागे. ही समुद्रमार्गाची हजयात्रा १९९५पर्यंत चालू होती. बडे अब्बा परतल्यावर अंगणात सतरंज्या अंथरल्या जात. लोक यायचे, खजूर आणि झमझमचे घोटभर पाणी घ्यायचे आणि ऐकत बसायचे. मक्का-मदिनेच्या गोष्टींबरोबर जहाजाच्या गोष्टीही निघत. चारी बाजूंना पाणीच पाणी, पण तोंडात घालावे असे एक घोटही नाही, हे ऐकून छोटे अब्बा चकित व्हायचे. पुलगावात न आलेला समुद्र त्यांनी असा कानांनी पाहिला होता.

गेल्या डिसेंबरात माझी भिशी लागली. भाईजाननेही थोडी भर घातली आणि आम्ही नऊ जण निघालो. धाकटी बहीण आर्वीला असते. तिचे बाळ तीन महिन्यांचे, त्यामुळे ती येऊ शकली नाही. रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथे मामूंच्या घरी मुक्काम. मग गाडी करून पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा असे करत मुरूड. बघायचे होते ते जंजिऱ्याचे बेट.

आता माझी सवय सांगते. लपवण्यात अर्थ नाही. फजरला उठायचा अलार्म फोनवर, म्हणून डोळे उघडताच हातात फोन येतो. नमाज होते, पण त्याआधी कोणाचा काय स्टेटस आहे यावर नजर जाऊन आलेली असते. स्वतःचा स्टेटस ठेवला की दर थोड्या वेळाने किती जणांनी पाहिला ते मोजायचे. कोणी पाहिला, कोणी पाहूनही काही म्हटले नाही, हे सगळे लक्षात ठेवायचे. भाजी करपली तरी चालेल, पण आकडा कळला पाहिजे.

अशी मी बेटावर गेले. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली. अब्बा कडेला बसून पाण्याकडे बघत काहीतरी बोलत होते. वारा जोराचा होता, मला ऐकू येत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मी ऐकतही नव्हते. ‘अब्बा, इकडे बघा, हसा जरा,’ एवढेच मी म्हणत होते. किल्ल्यात गेल्यावर दरवाजा, तोफ, बुरूज, मुले, सगळ्यांचे फोटो काढले. बुरुजावर नेटवर्क मिळाले तशी तिथेच उभी राहून एकेक वर चढवू लागले. खाली गोड्या पाण्याच्या तलावाच्या काठावर अब्बा बसले होते. त्यांनी हाक मारली, ‘बेटा, जरा इधर आ.’ मी म्हटले, ‘एक मिनट, अब्बा.’ ते मिनिट काही संपले नाही. होडीवाल्याने परतीची घाई केली आणि आम्ही निघालो.

रात्री मुरूडच्या खोलीत मी मोजले. ३१ स्टेटस, १८६ लोकांनी पाहिले. कितीतरी ‘माशाअल्लाह’ आले. मी खूश होऊन झोपले.

पुलगावला पोहोचलो त्याच दिवशी असरनंतर अब्बा मशिदीजवळच्या कट्ट्यावर गेले. धुतलेला कुर्ता घातला होता. काशीदच्या किनाऱ्यावर वेचलेल्या शिंपल्या रुमालात बांधून घेतल्या होत्या. माझा मुलगा त्यांच्यासोबत होता, त्याच्याकडूनच मला पुढचे कळले. अब्बांनी सलाम केला, बसले आणि म्हणाले, ‘समंदर देखा भाई...’ लगेच तिघे-चौघे म्हणाले, ‘देख लिया चाचा, स्टेटस पे सब देख लिया. तोप के पास का फोटो मस्त आया.’ आणि बोलणे कापसाच्या भावाकडे वळले. त्यांच्यापैकी कोणाचेच काही वाईट मनात नव्हते. घरोघरी बायका-मुलांनी माझे फोटो दाखवले होते. त्यांना वाटले, आता ऐकायचे काय उरले?

अब्बा लवकर घरी आले. रुमालाची गाठ सुटलेली नव्हती. अम्मीने विचारले तर म्हणाले, ‘सबको मालूम है.’ रागावले नाहीत, तक्रार केली नाही. रुमाल कपाटात ठेवला आणि पंख्याखाली पडून राहिले. साठ वर्षे जपलेली एक इच्छा पुरी होते आणि ती सांगायला गेल्यावर माणसाला ‘माहीत आहे’ एवढेच ऐकायला मिळते. हे माझ्यामुळे झाले होते.

शुक्रवारी आर्वीहून बहीण बाळाला घेऊन एसटीने आली. तिचा फोन महिनाभर बिघडलेला होता, तिने एकही स्टेटस पाहिला नव्हता. बाळाला अब्बांच्या मांडीवर देत तिने सहज विचारले, ‘अब्बा, समंदर कैसा रहता?’

अब्बा उठून बसले. कपाटातला रुमाल आणला, गाठ सोडली आणि पुढचे दोन तास बोलत होते.

ते म्हणाले, लांबून त्या किल्ल्याला दरवाजाच दिसत नाही. नुसती काळी भिंत पाण्यातून वर आलेली. होडी अगदी जवळ जाऊन वळते तेव्हा कमान दिसते. दारावर वाघासारखा प्राणी दगडात कोरला आहे, त्याने पंजांत हत्ती पकडले आहेत. जंजिरा हा शब्द म्हणजे आपला ‘जझीरा’च, अरबीत बेटाला जझीरा म्हणतात. आधी तिथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, मग निजामशाहीच्या काळात दगडी किल्ला झाला. तो सांभाळणारे सिद्दी मूळचे हबशी, आफ्रिकेतून आलेले. शिवाजी महाराजांनाही तो घेता आला नाही, म्हणून त्यांनी जवळच पद्मदुर्ग बांधून घेतला. १६८२मध्ये संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव टाकून वाट बांधायला घेतली होती, पण ती पुरी झाली नाही. इथे अब्बा हसले, ‘पूल बांधणं सोपं नाही, हे पुलगाववाल्याला विचारा!’ जंजिऱ्याचे संस्थान १९४८ला भारतात विलीन झाले, आता किल्ल्यात पडकी घरे आणि मशीद उरली आहे, हेही त्यांनी सांगितले. होडीवाल्याला आणि वाटाड्याला विचारून विचारून त्यांनी हे सगळे गोळा केले होते. मी तिथेच होते. मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मग ते म्हणाले, ‘और बीच में मीठा पानी!’ चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव. ‘बडे अब्बांना अख्ख्या जहाजावर जे दिसलं नाही, ते अल्लाहने त्या खडकाच्या पोटात ठेवलंय. मी हिला हाक मारली होती दाखवायला.’ एवढेच म्हणून ते शिंपल्या बाळाच्या हाताला लावू लागले. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले.

फोनला शिव्या देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ३१ मे २०१६च्या मध्यरात्रीनंतर आमच्या इथल्या दारूगोळा भांडाराला आग लागली, स्फोटांनी सारा परिसर हादरला. त्या रात्री कोण कुठे आहे, कोण सुखरूप आहे हे कळायला फोनच कामी आला. बाहेरगावच्या नातेवाइकांचा जीव त्याच्यामुळेच भांड्यात पडला. खबर द्यायला ही चीज चांगलीच आहे. पण पोहोचल्याची खबर देणे वेगळे आणि आपल्या माणसाच्या तोंडची गोष्ट हिसकावून घेणे वेगळे.

आणखी एक गोष्ट तेव्हापासून मनात घोळते. घरी सालन शिजवाल तेव्हा रस्सा वाढवा आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, ही आपल्या प्यारे नबी (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. माझे ३१ स्टेटस म्हणजे १८६ घरांत पाठवलेला नुसता वास होता, वाटी कोणाकडेच गेली नाही. त्या १८६मध्ये औषधाच्या पैशांची तजवीज करणारी एक ओळखीची बाई होती. सासरहून परत आलेली एक मुलगीही होती. त्यांनी काय विचार करत पाहिले असेल? स्टेटस २४ तासांत पुसला जातो. त्याने कोणाच्या मनात काय ठेवले, ते आपोआप पुसले जात नाही.

आमच्या घरात आता तीन गोष्टी ठरल्या आहेत. प्रवासात ‘सुखरूप पोहोचलो’ एवढाच निरोप जाईल. फोटो काढायचे, पण घरी परतल्यावरच दाखवायचे आणि घरातल्या मोठ्यांचे सांगून झाल्यावर. आणि अब्बा-अम्मीने हाक मारली की ‘एक मिनट’ म्हणायचे नाही. पहिल्या दोन जमल्या आहेत. तिसरी अजून कधी कधी चुकते, पण चुकल्याचे लगेच कळते.

तुम्हालाही एकच विनंती. कोणी प्रवासाहून, उमराहून, मुलीच्या घरून परतले, तर फोटो पाहिलेले असले तरी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘कसं होतं?’ मी स्वतः दुसऱ्या शुक्रवारी कट्ट्यावरच्या एका चाचांच्या घरी गेले आणि त्यांना हेच सांगितले. त्या संध्याकाळी अब्बा मगरिबची नमाज झाल्यावरही बराच वेळ घरी आले नाहीत. काळजी वाटून मुलाला पाठवले. तो धावत परत आला आणि म्हणाला, ‘नाना अभी दरवाजे तक पहुंचे हैं, तालाब बाकी है.’