डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून!

दिवाळीचे कंदील उतरले आणि पहाटे पायावर चादर ओढाविशी वाटू लागली, की आमच्या अंबरनाथ-बदलापूरच्या रस्त्यावर सायकली दिसू लागतात. रोजच्या सायकली बाराही महिने असतातच. पाववाल्याची, पेपरवाल्याची, रात्रपाळी संपवून घरी परतणाऱ्या वॉचमनची. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. आम्ही म्हणतो त्या सायकली खास हिवाळ्याच्या. कानाला मफलर, डोक्याला हेल्मेट, मनगटाला किलोमीटर मोजणारे घड्याळ. स्वार बहुतेक चाळिशी ओलांडलेला. कोपऱ्यावर शेजारी विचारतो, "काय साहेब, एवढ्या थंडीत कुठे निघालात?" उत्तर ठरलेले असते, "डॉक्टरांनी सांगितलंय."

वाचकहो, हे उत्तर आम्हीही चार हिवाळे देत आलो आहोत. ते खोटे नाही. ऑफिसच्या तपासणीत शुगर आणि रक्तदाब दोन्ही वर निघाले. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. चालायचा आम्हाला मनस्वी कंटाळा, तेव्हा उल्हासनगरातून एक जुनी सायकल घेतली. चेन बदलली, टायर-ट्यूब बदलले, सीटवर फोमचे कव्हर चढवले. हळूहळू आणखी चार-पाच जण मिळाले. रेल्वेतले एक मित्र, एक शिक्षक, एक अंगणवाडीताई. दर रविवारी पहाटे सहाला अंबरनाथहून निघायचे, बदलापूर गाठायचे, स्टेशनच्या पश्चिमेकडून उल्हास नदीचा पूल ओलांडून मुळगावच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचे, आणि दहाच्या वंदनेला विहारात हजर व्हायचे.

तो रस्ता ज्याने हिवाळ्यात पाहिला नाही त्याने बदलापूर पाहिलेच नाही असे आम्ही म्हणू. पूल येतो तेव्हा नदीवर धुके असते, पाणी दिसत नाही, नुसता आवाज येतो. भात कापून झालेला, शेतात पेंढ्याच्या उडव्या. पुढे झाडी सुरू झाली की गारवा एकदम गुडघ्यांना लागतो. मुंबईला लागून समुद्र आहे, तो रात्रीही हवा ऊबदार ठेवतो. आपण समुद्रापासून आत, डोंगरांच्या पायथ्याशी. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते आणि डोंगरउतारावरची थंड हवा खाली खोऱ्यात उतरून बसते. म्हणून दादरला पंखा चालू असतो तेव्हा बदलापूरला शेकोटी पेटलेली असते. बारवीचे धरण औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधले. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचे आणि कित्येक घरांच्या नळांचे पाणी तिथले. नळाचे पाणी कुठून येते ते पाहायला म्हणून का होईना, पोराबाळांना एकदा तिथे न्यावे.

आता आमच्यातला वाद सांगतो. रेल्वेतले मित्र सायकल चालवतात ती निव्वळ तब्येतीसाठी. किती किलोमीटर झाले, नाडी किती, सगळे वहीत लिहितात. चहाला थांबलेले त्यांना खपत नाही, घाम निवतो म्हणतात. अंगणवाडीताईंचे नेमके उलटे. त्या पुलावर थांबतात, बगळे पाहतात, वाटेत वालाच्या शेंगा दिसल्या तर उतरून भाव करतात. "ताई, हा काय व्यायाम झाला?" असे मित्रांनी म्हटले की त्या म्हणतात, "मी कुठे म्हटलं व्यायाम करते म्हणून?"

मित्रांच्या बाजूला शास्त्र भक्कम आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. त्याआधी २०१७ साली ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. सुमारे पाच वर्षांच्या काळात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, गाडीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी कमी दिसले. तेवढ्याने सायकलमुळेच आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही, हेही खरे. पण आमची नजर दुसऱ्याच गोष्टीवर गेली. ही माणसे सायकलवरून कामावर जात होती, व्यायामाला नव्हे! डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात नगरपालिका नागरिकांना वरचेवर विचारते, तुम्ही सायकल का चालवता? सर्वांत जास्त लोक सांगतात, लवकर पोहोचतो, सोपे पडते. तब्येत त्यानंतर. फिनलंडमध्ये औलू नावाचे गाव आहे, उत्तर ध्रुवाकडचे, तिथे बर्फातही लोक सायकली चालवतात. हिवाळी सायकलींवरची पहिली जागतिक परिषद २०१३ साली तिथेच भरली. तिथल्या सायकलवाटांवरचा बर्फ काढण्याची चोख व्यवस्था आहे, म्हणून लोक घराबाहेर पडतात. आपल्याकडे बर्फ नाही, खड्डे आहेत. आणि काटई-बदलापूर रस्त्यावरचे ट्रक आहेत. असो.

गंमत अशी की वहीवाले मित्र दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत बंद पडले. रिपोर्ट चांगला आला, कारण संपले, सायकल जिन्याखाली गेली. पुढच्या दिवाळीला शुगर पुन्हा होती तिथे आली आणि सायकलही बाहेर आली. ताईंच्या मात्र चार हिवाळ्यांत जेमतेम दोन-चार खेपा चुकल्या.

हे पाहिल्यावर आम्हाला आमचे वडील आठवले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात भाड्याच्या खोलीत राहत आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला जात, सायकलने. काळी, जड, चोवीस इंची, पुढे डायनामोचा दिवा. पावसात, थंडीत, तिन्ही पाळ्यांना. तिला आम्ही पोरे गरिबीची खूण समजत होतो. शाळेजवळ दादा सायकलवरून दिसले की आम्ही तोंड फिरवत होतो, हे आज लिहिताना लाज वाटते. पहिल्या पगारांतून आम्ही काय केले असेल, तर हप्त्यावर स्कूटर घेतली.

पण दादांना सायकलचे काय होते ते आम्हाला फार उशिरा कळले. त्यांच्या गावी आमच्या माणसाने सायकलवर बसून चावडीपुढून जायचे नाही, अशी रीत होती. उतरायचे, हाताने ढकलत न्यायची, वेस ओलांडली की मग बसायचे. दादांनी तरुणपणी एकदा कोणाची तरी सायकल मागून घेतली आणि चावडीपुढे उतरले नाहीत. त्याचे पुढे काय झाले ते त्यांनी कधी सांगितले नाही. एवढेच सांगितले, की त्यानंतर महिन्याभरात ते कल्याणला आले.

आणि हिवाळ्यातल्या रविवारची गोष्ट. कारखान्याला सुट्टी. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी असताना दादा दळणाचा डबा कॅरिअरला बांधून अंबरनाथला, शिवमंदिराकडच्या गिरणीवर जात. त्या काळच्या वालधुनीच्या काठाकाठाने. इ.स. १०६० च्या त्या देवळाशी त्यांना काही घेणे नव्हते, आत कधी गेले नाहीत. कधी तिथून पुढे काकोळ्याच्या बाजूला, रेल्वेच्या जुन्या जी.आय.पी. धरणाकडे चक्कर. दळण घेऊन यायला तीन तास! आई चिडायची, "एवढं लांब कशाला?" दादा म्हणायचे, "तिथलं पीठ बारीक येतं."

पीठ तसेच असायचे. आईलाही ते ठाऊक होते. आज आम्हाला कळते, की "तिथलं पीठ बारीक येतं" आणि "डॉक्टरांनी सांगितलंय" ही एकच सबब आहे. आठवडाभर कष्ट करणाऱ्या माणसाला, मी मजेसाठी चाललो आहे असे म्हणायची चोरी वाटते. मजा म्हणजे पैसेवाल्यांचे काम, आपण काही तरी उपयोगाचे केले पाहिजे. मग आम्ही दळण पुढे करतो, नाहीतर शुगरचा रिपोर्ट पुढे करतो.

हे सगळे आम्ही एका रविवारी घरी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. पत्नी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला सबब तरी आहे. माझी शुगर चांगली आहे. मला कोण सांगणार जा म्हणून?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

तामिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवायची, असे त्यांनी मोहिमेतच घेतले. एक लाखाहून अधिक बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका. लोकांनी टिंगल केली, घाणेरडे बोलले, तरी शिकल्या. पाणी आणणे, माल बाजारात नेणे सोपे झाले. पण त्या बाया नुसत्या हिशेबाला सायकलवर बसल्या नव्हत्या. कोणाची वाट न बघता, कोणाला न विचारता निघता येते, हे त्यांना पहिल्यांदा मिळाले होते.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या पत्नीने वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकायला घेतली. शिकवायला आम्ही नव्हे, अंगणवाडीताई. आम्ही दोनदा सीट धरून धावलो आणि दोन्ही वेळा भांडण झाले, तेव्हा आम्हाला काढून टाकण्यात आले. पहाटे अंधारात मैदानावर जायचे, उजाडायच्या आत परत, म्हणजे कोणी बघायला नको. कोपर सोलले, गुडघा सुजला. शेजारच्या काकूंनी विचारले, "काय गं, वजन कमी करायचं का?" ही म्हणाली, "हो." संध्याकाळी स्वतःच हसत आम्हाला सांगितले. म्हणजे सबब तिलाही लागली.

नवख्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. थंडीत रक्तदाब मुळातच चढा असतो, तेव्हा उठल्याबरोबर जोरात पॅडल मारू नये. दहा मिनिटे घरातच हातपाय मोकळे करावेत. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशी निघू नये आणि खिशात गूळ-साखर ठेवावी. दुसरे धुराचे. हिवाळ्यात पहाटे थंड हवा खाली आणि ऊबदार हवा वर, असे झाकण बसते. कारखान्यांचा आणि वीटभट्ट्यांचा धूर वर जात नाही, नाकाशीच राहतो. वस्तीत आणि एमआयडीसीच्या बाजूला जायचे तर ऊन वर आल्यावर जावे. सायकलला मागे लाल दिवा हवाच.

जानेवारीतल्या एका रविवारी पत्नी आमच्याबरोबर बदलापूरपर्यंत आली. उल्हास नदीचा पूल आला. ताई सवयीप्रमाणे थांबल्या, आम्ही थांबलो, वहीवाले मित्रही कुरकुरत थांबले. ती थांबली नाही. ब्रेक लावायची भीती वाटत होती असे नंतर म्हणाली, पण आम्हाला ते खरे वाटत नाही. पूल उतरून मुळगावच्या रस्त्याने धुक्यात दिसेनाशी झाली. आम्ही धापा टाकत गाठले तेव्हा एका वीटभट्टीजवळ एक पाय जमिनीवर टेकून उभी होती, पदर कमरेला खोचलेला, नाक लाल झालेले. आम्ही विचारले, "काय झालं, दमलीस?"

"नाही," ती म्हणाली, "पुढे रस्ता कुठे जातो?"

आम्ही म्हटले, धरणाला, आणि तिथून मुरबाडला.

तिने घड्याळात पाहिले. वंदनेला अजून दोन तास होते.