स्टुटगार्टच्या बाल्कनीतले पाइप

दक्षिण जर्मनीतलं स्टुटगार्ट टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत वसलंय. मर्सिडीज आणि पोर्शेचं हे गाव. हिवाळ्यात वारा पडला की गाड्यांचा धूर आणि धूळ तिथेच कोंडून राहते. नेकारटोर चौक तर त्यासाठी देशभर बदनाम. युरोपचा नियम असा, की पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची, दिवसाची सरासरी घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर वर्षातून ३५ दिवसांपेक्षा जास्त जायला नको. या चौकात ती वर्षानुवर्षे जात राहिली.

पण सरकारी यंत्रं मोजक्याच ठिकाणी. आमच्या गल्लीतल्या हवेचं काय? ओके लॅब स्टुटगार्ट या स्वयंसेवकांच्या गटाने २०१५ मध्ये या प्रश्नाला हात घातला. त्यांचं यंत्र कुणालाही घरी जोडता येतं. सांडपाण्याच्या पाइपाचे दोन एल्बो एकमेकांत बसवायचे, तोंडं खाली, म्हणजे पाऊस आत येत नाही. आत एसडीएस०११ हा चिनी सेन्सर, वायफायचं छोटं बोर्ड आणि तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, सगळं केबल टायने आवळलेलं. बाल्कनीच्या कठड्याला बांधलं, चार्जर लावला की झालं.

सेन्सरमधला बारीक पंखा हवा ओढतो, लेझरचा झोत कणांवर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजले जातात. लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास, म्हणजे वर्षभरसुद्धा नाही. म्हणून तो अडीच मिनिटांनी एकदा, काही सेकंदच जागा होतो.

यातली मेख ओळखायला हवी. हे यंत्र धुळीचं वजन करत नाही, प्रकाशावरून अंदाज बांधतं. धुकं पडलं की पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की आकडा फुगू लागतो. जाड कणही त्याला नीट दिसत नाहीत, त्यामुळे पीएम १० पेक्षा पीएम २.५ वर, म्हणजे त्याहून बारीक कणांच्या आकड्यावर, जास्त भरवसा ठेवावा. एका बाल्कनीतला आकडा घेऊन भांडायला जाऊ नये. पण शेजारच्या वीस बाल्कन्यांत एकाच संध्याकाळी आकडे चढले, तर ते सहज झटकून टाकता येत नाहीत. या कामाची खरी ताकद मला तिथे दिसते. सगळी नोंद खुली आहे, कुणीही उतरवून घ्यावी आणि तपासावी. आज हे जाळं ‘सेन्सर डॉट कम्युनिटी’ या नावाने अनेक देशांत पसरलंय.

मुंबई ही १९६८ पासून स्टुटगार्टची भगिनी-नगरी. मुंबई परिसरात २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी भारतीय स्टार्टअपचे ४० स्वस्त सेन्सर सरकारी केंद्रांशेजारी ठेवून तपासले. हेच करायला हवं होतं. समुद्राकाठच्या दमट हवेत आकडा किती फुगतो ते इथेच मोजावं लागेल. फुगलेला आकडा दुरुस्त करायचं स्टुटगार्टचं गणित मुंबईला जसंच्या तसं लागू पडणार नाही. आणि इथल्या सेन्सरचे आकडे गल्लीतल्या माणसाला रोज पाहता आले पाहिजेत.