सर्व्हर भरला, पण कशाने?

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावातून पुसदला किंवा उमरखेडला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना महाविद्यालयाचा सर्व्हर कधी दिसत नाही. त्यांना दिसते ते मोबाइलवरचे लॉगिन, सरांनी चढवलेल्या नोट्स आणि ‘शेवटची मुदत रात्री १२’ असे बजावणारा गृहपाठ. एसटी चुकली तर तास बुडतो, पण वहीच्या पानांचे फोटो काढून, त्यांची पीडीएफ करून गृहपाठ घरूनही देता येतो. या व्यवस्थेची खरी सोय हीच. ती बंद पडते तेव्हा कारण मात्र पडद्यावर लिहून येत नाही. लॉगिन होत नाही, किंवा फाइल चढता चढता पान कोरे पडते. मुलगी नेटवर्कला दोष देते आणि शिक्षक मुलीला. तिकडे सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरलेली असू शकते. मग लॉगिनची साधी नोंद लिहायलाही जागा उरत नाही आणि डेटाबेस नवे काही स्वीकारत नाही.

अशा व्यवस्थांमध्ये मूडल हे नाव आपल्याकडे परिचित. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुजिअमस यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ साली आणली. ते फुकट आहे आणि कोणीही आपल्या संगणकावर बसवू शकतो. आयआयटी मुंबईचे स्वतःचे मूडल आहे, आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर लहान महाविद्यालयांनाही हा मार्ग परवडणारा वाटला. बसवणे सोपे, चालवणे मात्र रोजचे काम. आणि ते बहुधा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या एखाद्या माणसाच्या गळ्यात पडते. डिस्क भरली की त्यालाच सांगितले जाते, ‘काहीतरी डिलीट कर.’ पण काय डिलीट करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. डिस्क मुख्यतः विद्यार्थ्यांच्या कामाने भरत नाही. ती यंत्रणेने आपोआप किंवा शिक्षकांनी काढलेल्या आणि कोणीच मोडीत न काढलेल्या प्रतींनी भरते. म्हणून जागा मोकळी करण्याचा प्रश्न तंत्रज्ञाच्या खोलीइतकाच प्राचार्यांच्या टेबलावरचा आहे.

हे पटण्यासाठी मूडल फाइल कशी ठेवते ते पाहावे लागते. २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून फाइल तिच्या नावाने साठवली जात नाही. तिच्या मजकुरावरून गणिताने ४० अक्षर-अंकांची एक खूण काढली जाते आणि त्या खुणेच्या नावाने फाइल एकदाच डिस्कवर जाते. एकच अभ्यासक्रमपत्रिका दहा विषयांत चढवली तरी डिस्कवर प्रत एकच. कुठे कुठे वापरली याच्या दहा नोंदी डेटाबेसमध्ये. सातबाऱ्यावर एकाच गटाला दहा खातेदार असावेत तसे हे आहे: एकाचे नाव कमी झाले म्हणून जमीन नाहीशी होत नाही, आणि जमीनच खोदून नेली तर दहाही जणांचे नुकसान. घाबरलेला माणूस डिस्कवर जाऊन सगळ्यात मोठ्या फायली हाताने पुसतो, तेव्हा नेमके हेच होते. त्या फायलींना ओळखीची नावे नसल्याने आपण कोणाची उत्तरपत्रिका उडवली हेही त्याला कळत नाही. पुसायचे ते मूडलच्या आतूनच. शेवटची नोंद गेली की फाइल आधी कचऱ्याच्या कप्प्यात जाते आणि ‘क्रॉन’ नावाचे पार्श्वभूमीला चालणारे काम ती ठरावीक वेळाने कायमची काढते. हे क्रॉन बंद असेल, तर शिक्षकांनी कितीही पुसले तरी डिस्कवर एक एमबीही मोकळी होत नाही.

मग जागा खाते कोण? पहिला मान बॅकअपचा. सत्र संपले की शिक्षक जुन्या विषयाचा बॅकअप घेतात आणि नव्या वर्षासाठी तोच पुन्हा उघडतात. उघडलेल्या विषयातल्या फायली आधीच डिस्कवर असल्याने त्यांना नवी जागा लागत नाही. पण बॅकअपची दाबून बांधलेली फाइल दर वेळी वेगळी, तिची खूणही वेगळी. म्हणजे ज्या विषयात ८ जीबीचे साहित्य आहे, त्याचा प्रत्येक बॅकअप जवळपास तेवढीच नवी जागा घेतो आणि शिक्षकाच्या खासगी कप्प्यात वर्षानुवर्षे पडून राहतो. दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. पीडीएफ उत्तरावर पडद्यावरच खुणा करता याव्यात म्हणून मूडल तिच्या प्रत्येक पानाचे वेगळे चित्र तयार करते. मोबाइलने काढलेल्या बारा पानांच्या गृहपाठाची बारा चित्रे, वर्गात साठ मुले, वर्षाला दहा गृहपाठ: एका विषयात ७,२०० चित्रे. ज्या शिक्षकाने आयुष्यात पडद्यावर खूण केली नाही, त्याच्याही विषयात ती साठू शकतात. ही सोय वापरात नसेल तर बंद करावी, एवढे साधे उत्तर आहे. पुसलेल्या गोष्टी सात दिवस सांभाळणारी रीसायकल बिनही जागा घेते, पण मुदत संपली की ती आपोआप रिकामी होते. तिला फार दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरा वाटेकरी डेटाबेसमध्ये बसलेला असतो. कोणी कोणते पान केव्हा उघडले याची प्रत्येक नोंद मूडल ठेवते आणि मूळ मांडणीत ती कधीच पुसली जात नाही. सेटिंग बदलून वर्षाआधीच्या नोंदी काढल्या, तरी डिस्क तेवढीच भरलेली दिसते आणि माणूस चक्रावतो. कारण मायएसक्यूएलसारखा डेटाबेस रिकामी झालेली जागा स्वतःच्या पुढच्या वापरासाठी राखून ठेवतो. ती परत हवी असेल तर तक्ता नव्याने बांधावा लागतो, आणि बांधताना जुना व नवा दोन्ही काही काळ एकत्र नांदतात. ३० जीबीचा तक्ता २० वर आणायचा तर आधी तेवढी २० जीबी मोकळी हवी. डिस्क पूर्ण भरल्यावर ही साफसफाई करताच येत नाही.

यावर सरळ आक्षेप असा, की डिस्क स्वस्त झाली आहे, मोठी घ्या. गरज असेल तर घ्यावीच. माणसाचे आठ दिवस जुन्या फायली चाळण्यात घालवण्यापेक्षा ते शहाणपणाचे. पण जिथे सर्व्हर भाड्याचा आहे तिथे हा खर्च दरमहा येतो आणि जागेसोबत संपूर्ण सर्व्हरच्या बॅकअपलाही तेवढीच जागा लागते. बॅकअपला लागणारा वेळ वाढत वाढत रात्रीतून सकाळच्या तासांत शिरतो. शिवाय प्रती निर्माण करणारे कारण तसेच राहिले, तर नवी डिस्कही भरणारच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: काहीच पुसू नका, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला पुरावे लागतात. नॅकच्या स्वयंमूल्यांकन अहवालासाठी पाच वर्षांची माहिती लागत आली आहे, त्यामुळे ही भीती उगाच नाही. पण पुरावा म्हणून लागतात ते गुण, उपस्थिती, अभ्यासक्रमाचा आराखडा, काही नमुन्याच्या उत्तरपत्रिका. त्याच विषयाचे सहा बॅकअप आणि पानांची हजारो चित्रे पुराव्यात मोडत नाहीत. उलट बाजूही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे तत्त्व असे, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे बंधनकारक नसेल, तर ती पुसावी. पदवी घेऊन गेलेली मुलगी कोणत्या रात्री कोणत्या पत्त्यावरून लॉगिन करत होती, हे महाविद्यालयाने कायम कशासाठी जपायचे? काय किती वर्षे ठेवायचे याचा एक पानी ठराव महाविद्यालय विकास समितीत झाला, तर तंत्रज्ञाच्या हातात आधार येईल. आज असा ठराव नसतो, म्हणून तंत्रज्ञ काहीच पुसत नाही किंवा एका रात्री घाबरून भलतेच पुसतो.

व्हिडिओंचा हिशेब मात्र सर्व्हरपुरता राहत नाही. ४५ मिनिटांचे व्याख्यान सेकंदाला ३ मेगाबिट या दराने साठवले तर ते १ जीबीच्या आसपास जाते. फळ्यावरची किंवा स्लाइडची स्थिर चित्रे असतील तर अर्धा मेगाबिटही चालतो आणि तेच व्याख्यान १७० एमबीत बसते. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या फुलसावंगीच्या मुलाला पहिल्या प्रकारात दिवसाला एकच तास पाहता येतो. यूट्यूबवर टाकल्याने सर्व्हर हलका होतो खरा, पण ज्या तासात मुलांचे आवाज आणि नावे आहेत तो तिकडे चढवण्याआधी त्यांना विचारायला हवे. व्हिडिओ चढवण्यापूर्वी लहान करण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना एका दुपारी देता येते.

हे सगळे करायला उन्हाळ्याची सुटी बरी: निकाल लागलेले, नवे प्रवेश व्हायचे, रात्री बाराची मुदत कोणालाच नाही. डिस्क तीन चतुर्थांश भरली की सूचना येईल अशी व्यवस्था त्याच वेळी लावून टाकावी. आणि जुने विषय काढण्याआधी त्यांचा एकच शेवटचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन, तो दुसऱ्या संगणकावरच्या कोऱ्या मूडलमध्ये उघडतो का ते पाहावे. उघडला तरच मूळ पुसावे.