बेडकांची कुळकथा : ६ – पाण्याकडे न फिरकणारे पाऊसबेडूक

मागच्या आठवड्यात फेसाचं घरटं करणारे बेडूक पाहिले. त्यांना निदान खाली पाणी तरी लागतं. आजच्या पाऊसबेडकांना तेही लागत नाही.

हे आफ्रिकेचे, विशेषतः दक्षिणेकडचे. ‘ब्रेविसेप्स’ हे त्यांच्या प्रजातीचं नाव. अर्थ ‘आखूड डोक्याचा’. वर्षातला बराच काळ ते जमिनीखाली असतात आणि पाऊस झाला की वर येतात. गोल अंग, काड्यांसारखे आखूड पाय. उडी नाहीच, चालणं. मागच्या पावलांवरच्या कठीण उंचवट्यांनी माती उकरत ते पाठमोरे जमिनीत शिरतात. कुणी डिवचलं की टम्म फुगतात, म्हणून आफ्रिकान्स भाषेत त्यांना ‘ब्लासॉप’ म्हणतात.

नर मादीपेक्षा खूपच लहान आणि त्याचे हात तोकडे, त्यामुळे इतर बेडकांसारखी तो मादीला मिठी मारू शकत नाही. मग त्वचेतून पाझरणाऱ्या चिकट द्रवाने तो तिच्या पाठीला चक्क चिकटतो. मादी त्याला घेऊनच जमिनीत उतरते, ओलसर पोकळीत अंडी घालते. पोहणारं भैरोळं हा टप्पाच नाही. अंड्याच्या गरातच वाढ पुरी होऊन इवले बेडूक बाहेर पडतात. मला या कुळाची ही सर्वांत मोठी करामत वाटते.

नामिबिया-दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा ‘ब्रेविसेप्स मॅक्रॉप्स’ तर वाळूच्या टेकड्यांत राहतो. तिथे पाऊस जेमतेम. समुद्रावरून येणारं धुकं वाळू ओली करतं, ती ओल तो त्वचेतून घेतो. त्याच किनाऱ्यावर हिऱ्यांच्या खाणी आहेत आणि वाळू उपसली की त्याचं घरच जातं.

वर्गीकरणात मात्र या गोलमटोल अंगाने बराच काळ चकवलं. लिनीअसने १७५८ मध्ये केपच्या पाऊसबेडकाला ‘राना गिबोसा’, म्हणजे कुबडा बेडूक, म्हणून सरसकट ‘राना’त टाकलं. पुढे त्यांची रवानगी मायक्रोहायलिडी कुळात झाली. आपल्याकडे पावसात जमिनीतून निघणारा, फुगून गोल होणारा युपेरोडॉन त्याच कुळातला. रूप पाहिलं तर दोघे भाऊच वाटावेत. पण डीएनएने वेगळीच सोयरीक दाखवली. पाऊसबेडकांचे जवळचे नातलग आफ्रिकेतच निघाले, त्यांत नाकाने माती खोदणारा हेमिसस आहे. २००६ पासून ब्रेविसिपिटिडी हे स्वतंत्र कुळ रूढ झालं. मातीत राहायचं तर असंच अंग सोयीचं, म्हणून युपेरोडॉनशी साम्य. रक्ताचं नातं दूरचं.

जाती ओळखणं त्याहून अवघड, कारण अनेक जाती दिसायला जवळपास सारख्याच. इथे कान कामाला आले. लेस्ली मिंटर यांनी नरांच्या हाका ऐकून, तपासून २००३ मध्ये दोन नव्या जाती मांडल्या. त्यांतली एक उंच सुराची, म्हणून ‘सोप्रॅनस’. दुसरी ‘बॅगिन्सी’, टोल्कीनच्या बिलबो बॅगिन्सच्या नावाने. तोही बिळात राहणाराच. २०१७ मध्ये क्वाझुलू-नाताल प्रांतातून आणखी दोन जातींची भर पडली.

पुढच्या आठवड्यात हेमिससच्या बिळात डोकावू. तिथे आई स्वतः पिल्लांना पाण्यापर्यंत वाट करून देते.