बॅटन पुढे देणारा अनस

केरळमधल्या निलमेल गावचा मोहम्मद अनस याहिया. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तो 400 मीटरच्या अंतिम फेरीत धावला. भारतीय पुरुषांत मिल्खा सिंग यांच्यानंतर 60 वर्षांनी हा मान त्याला मिळाला. 45.31 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी कांस्यपदक 0.20 सेकंदांनी हुकलं! त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत मात्र रौप्य मिळालं.

26 ऑगस्ट 2023, बुडापेस्ट. जागतिक स्पर्धेत 4 बाय 400 मीटर रिलेची प्राथमिक फेरी. अनस पहिला धावला. बॅटन अमोज जेकबकडे, मग मोहम्मद अजमलकडे, शेवटी राजेश रमेशकडे गेलं. वेळ 2 मिनिटं 59.05 सेकंद. आशियाई विक्रम! पुढे फक्त अमेरिका. अंतिम फेरीत भारत पाचवा आला. थोड्याच आठवड्यांत हांगझोऊला याच चौघांनी आशियाई सुवर्ण जिंकलं.

रिलेत पहिला धावणारा शेवटची रेषा ओलांडत नाही. आपला वाटा धावून बॅटन पुढे देतो आणि कडेला उभा राहून बाकीच्या तिघांसाठी ओरडतो. सुवर्णपदक मात्र चौघांच्याही गळ्यात पडतं.